टाइलमागे दडलंय काय?
(गळती काढल्यानंतर न्हाणीघराच्या भिंतीचं काय करायचं, याविषयी)

सिव्हिलला ॲडमिशन मिळाली की घरचे, शेजारचे आणि लांबचे काका असे सगळेजण आपल्याला लगेच इंजिनिअर समजायला लागतात. पुलाचं डिझाइन कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच : "आमच्या बाथरूमच्या मागच्या भिंतीला ओल येतीय, काय करायचं रे?" आणि इथंच आपली पंचाईत होते. आरसीसीची बीम आपण कागदावर पास करून दाखवतो, पण ओल आलेल्या चार इंची भिंतीबद्दल सिलॅबसमध्ये चार ओळीसुद्धा नसतात.

सातारा-सांगलीकडे या कामाची एक ठरलेली पद्धत आहे. प्लंबर येतो, अंदाजानं टाइल्स फोडतो, गळका सांधा सापडतो, पाइप बदलतो. संध्याकाळी गवंडी येऊन खड्डा भरतो, दुसऱ्या दिवशी टाइल्स लावतो, तिसऱ्या दिवशी घरात सगळे शॉवरखाली. सगळे खूश! मग पाच-सहा महिन्यांनी मागच्या खोलीतल्या रंगाला परत पोपडे येतात आणि सगळा राग प्लंबरवर निघतो. बऱ्याचदा त्या बिचाऱ्याचा काही दोष नसतो. त्यानं गळती बंद केलेली असते. पण गळती बंद होणं आणि भिंत दुरुस्त होणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

या लेखात ते दुसरं काम समजून घेऊ. सूत्र एकच लक्षात ठेवा : टाइल पाणी अडवत नाही, टाइलच्या मागचा थर अडवतो. आणि तो थर ओल्या भिंतीवर नीट बसत नाही.

आधी चोर ओळखा

छन्नी हातात घेण्याआधी पाणी कुठून येतंय ते ठरवायला हवं. न्हाणीघरात तीनच संशयित असतात.

पहिला, भिंतीतला पाइप. यात पाणी दिवसरात्र दाबाखाली असतं, त्यामुळे ओल कायम राहते. घर आठ दिवस बंद ठेवलं तरी डाग वाळत नाही. दुसरा, सांडपाण्याची वाट, म्हणजे नाहणी ट्रॅप आणि त्याला जोडलेला पाइप. इथली ओल आंघोळीनंतर वाढते आणि घरात कुणी नसलं की कमी होते. तिसरा, टाइल्सचे सांधे. शॉवरचं पाणी बारीक फटींतून आत झिरपतं. इथला डाग बहुतेक शॉवरच्या उंचीपासून खाली पसरलेला दिसतो.

परीक्षाही सोप्या आहेत. रात्री सगळे नळ बंद करा, गच्चीवरच्या टाकीत पाणी येण्याची वाट बंद करा आणि पातळीची खूण करून ठेवा. सकाळी पातळी उतरली असेल, तर पाइपावर संशय पक्का (फ्लशची टाकी गळत नाही ना, तेवढं आधी बघा). पातळी जागेवर असेल, तर नाहणी ट्रॅपचं तोंड कापडाच्या बोळ्यानं घट्ट बंद करून फरशीवर इंचभर पाणी साठवा आणि दिवसभर ठेवा. हे पाणी उतरलं तर फरशी किंवा ट्रॅपच्या कडा दोषी. दोन्ही परीक्षा पास झाल्या तर राहिला तिसरा, म्हणजे भिंतीचे सांधे. ही झाली एलिमिनेशन मेथड! एवढ्यासाठी एक दिवस थांबायचा कंटाळा केला, तर पूर्ण भिंत फोडूनही चोर सापडत नाही.

भिंत किती पाणी पिते?

आता थोडं गणित. घाबरू नका, एम-वनसारखं नाही.

नळातून सेकंदाला एक थेंब गळतोय असं धरा. वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर होतो. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दिवसाला सव्वाचार लिटरच्या आसपास पाणी झालं. आता भिंत बघा. अर्ध्या विटेच्या, म्हणजे बोलीभाषेतल्या चार इंची भिंतीत, एका चौरस मीटरला साधारण ५० विटा बसतात. आयएस १०७७ प्रमाणे साध्या भाजलेल्या विटेनं २४ तास पाण्यात बुडवल्यावर वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये. आपण १५ टक्केच धरू. तीन किलोची वीट म्हणजे ४५० ग्रॅम पाणी. पन्नास विटांचं झालं साडेबावीस लिटर.

म्हणजे एका चौरस मीटर भिंतीत भरलेल्या दोन बादल्या मावतात! सेकंदाला एक थेंब या वेगानं ती भरायला पाचेक दिवस लागतील. प्रत्यक्षात काही पाणी उडून जातं, काही आजूबाजूला पसरतं, म्हणून वेळ जास्त लागतो. पण मुद्दा कळला असेल. मागच्या खोलीत डाग दिसला त्या दिवशी गळती सुरू झालेली नसते, त्या दिवशी भिंतीचं पोट भरलेलं असतं. आणि प्लंबरनं सांधा बदलला तरी हे पोटातलं पाणी कुठंच गेलेलं नसतं.

फोडताना

पहिलं काम विजेचं. ओल्या भिंतीत गीझरची वायर असेल तर मेन स्विच बंद केल्याशिवाय छन्नी लावू नका. ही सूचना पाठ करून ठेवायची नाही, पाळायची आहे. ओली भिंत, फुटलेलं वायरचं वेष्टण आणि अनवाणी माणूस हे तिन्ही एकत्र आले की काय होतं ते इलेक्ट्रिकलवाल्या मित्रांना विचारा. काम निघालंच आहे तर गीझरचं अर्थिंग तपासून घ्या आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या.

दुसरं, नाहणी ट्रॅपमध्ये जुन्या कापडाचा बोळा घाला. टाइलचे तुकडे आणि सिमेंटचा चुरा आत गेला की गळतीच्या जोडीला तुंबणंही सुरू होतं.

तिसरं, टाइल कधीही कडेपासून उचकटू नका. आधी भोवतीचा सांधा ग्राइंडरनं किंवा हॅक्सॉच्या पात्यानं मोकळा करा, मग टाइल मधोमध फोडून मधून बाहेर या. असं केलं तर शेजारची टाइल वाचते. डोळ्यांवर गॉगल आणि नाकावर मास्क हवाच, कारण ग्राइंडरनं उडणाऱ्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात गेली की परत निघत नाही. बिगारी "काय हुतंय त्याला" म्हणाला तरी त्यालाही मास्क द्या.

किती फोडायचं? छन्नीच्या मागच्या टोकानं टाइल्सवर ठोकत जा. टणटण वाजली तर पकड चांगली आहे, भदभद वाजली तर मागं पोकळी आहे. पोकळ सगळ्या काढा आणि ओलीच्या कडेपलीकडची एक ओळ जास्त काढा. नंतर टाइलमागचा गिलावाही वाजवून बघा. सुटलेला गिलावा विटेपर्यंत काढायचा. "वरनं बरा दिसतोय" म्हणून ठेवलेला गिलावाच पुढं दगा देतो.

पाइप : इथं मेकॅनिकलवाल्यांनी लक्ष द्यावं

जुन्या घरांत जीआयचे पाइप असतात. ते मधेच सडण्यापेक्षा आट्यांपाशी आधी सडतात. आटे पाडताना वरचा जस्ताचा थर निघून जातो आणि आतलं लोखंड उघडं पडतं. त्यामुळे एक सांधा बदलला की पुढच्या वर्षी शेजारचा गळतो. भिंत उघडलीच आहे, तर जीआयचा तेवढा पूर्ण तुकडा बदललेला बरा.

नव्या कामांत सीपीव्हीसी असतो. तो गंजत नाही, पण त्याचा स्वभाव वेगळा आहे. सोलरचं पाणी आलं की पाइपाचं तापमान सहज २० वरून ६० अंशांवर जातं. तीन मीटर लांबीचा सीपीव्हीसी पाइप तेवढ्यात सात ते आठ मि.मी. वाढू पाहतो. तेवढाच लोखंडी पाइप वाढतो फक्त दीड मि.मी. भिंत मात्र जागची हलत नाही. पाइप सिमेंटच्या मालात घट्ट आवळून टाकला तर हा ताण जातो कुठं? एल्बोच्या सांध्यावर! म्हणून गरम पाण्याच्या पाइपावर फोमची नळी किंवा निदान गोणपाटाची पट्टी गुंडाळून मगच माल भरायचा. सीपीव्हीसीच्या आट्यांवर सुतळी-सफेदा लावून पान्यानं जोर काढायचा नाही, कारण प्लॅस्टिकला तडा जातो. टेफ्लॉन टेप आणि बेताचा जोर पुरेसा आहे.

खाचेबद्दलही एक नियम आहे. भिंतीत उभी खाच जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी खाच एक षष्ठांशापेक्षा खोल नसावी, असा ढोबळ नियम मानला जातो. चार इंची भिंत ११५ मि.मी. धरली तर आडव्या खाचेला मिळतात फक्त १९ मि.मी. आणि अर्धा इंची जीआय पाइपाचा बाहेरचा व्यासच २१ मि.मी. असतो. म्हणजे चार इंची भिंतीत आडवा पाइप न्यायला मुळात जागाच नाही. पाइप शक्यतो वरून खाली उभाच न्यावा. आडवा न्यावाच लागला तर तो भिंतीच्या बाहेरून न्यावा.

आणि भिंत बंद करण्याआधी दाबाची चाचणी. गच्चीवरची टाकी नळापेक्षा सात मीटर उंच असेल तर तिचा दाब पडतो जेमतेम ०.७ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. एवढ्या दाबाला कच्चा सांधासुद्धा चार दिवस टिकतो. म्हणून हातपंपानं टाकीच्या दाबाच्या दीडपट तरी, प्रेशर पंप असेल तर त्याच्या दाबाच्या दीडपट, पाणी चढवायचं आणि काटा उतरतो का ते तासभर बघायचं. सीपीव्हीसीचे सांधे चिकटवल्यावर डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्यायचा, मगच चाचणी घ्यायची. शेवटी पाइपाशेजारी टेप धरून फोटो काढून ठेवा. पुढं कुणी खुंटी ठोकायला आलं तर हा फोटो लाखमोलाचा!

लोणा

भिंत उघडली की विटांवर पांढरी बुरशीसारखी पूड दिसते. ही बुरशी नाही. हा लोणा, म्हणजे क्षार. पाणी विटेतले, वाळूतले, सिमेंटमधले क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणतं, तिथं पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात. क्षारांचे स्फटिक बारीक छिद्रांत वाढतात तेव्हा वरचा थर ढकलून देतात. आपण ज्याला पोपडा म्हणतो तो असा तयार होतो.

सांगलीकडे या गोष्टीला खास महत्त्व आहे. कृष्णाकाठच्या मिरज, वाळवा, पलूस, तासगाव भागांत वर्षानुवर्षं उसाला भरमसाट पाणी दिल्यामुळे कितीतरी जमिनी क्षारपड झाल्या आहेत. अशा भागातल्या बोअरचं पाणी माल कालवायला किंवा भिंतीवर मारायला वापरलं, तर आपणच पदरचे क्षार भिंतीत घालतो. आयएस ४५६ मध्ये आरसीसीसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको असं सांगितलंय. न्हाणीघराची भिंत म्हणजे आरसीसी नव्हे, पण तिच्या पायथ्याशी स्लॅब आहे आणि स्लॅबमध्ये सळई आहे हे विसरू नका. दुरुस्तीला पाणी लागतंच किती? दोन-चार बादल्या. तेवढं नळाचं गोडं पाणी वापरा.

लोणा काढायचा कोरड्या ब्रशनं. धुवायचा नाही! धुतला की तो विरघळून परत आत जातो आणि भिंत वाळली की पुन्हा हजर. ब्रशनं झाडा, खाली पडलेली पूड उचलून बाहेर टाका, चार दिवसांनी पुन्हा आला तर पुन्हा झाडा. प्रत्येक वेळी थोडा कमी येतो.

वाळवण

आता सगळ्यात अवघड काम. अवघड एवढ्यासाठी की यात काहीच करायचं नसतं, नुसतं थांबायचं असतं.

ओल्या भिंतीचं वाळणं दोन टप्प्यांत होतं. सुरुवातीला पृष्ठभाग ओला असतो, तेव्हा पाणी भराभर उडतं. वेग ठरतो तो हवेवर. नंतर वरचा थर कोरडा होतो आणि आतलं पाणी छिद्रांमधून वाट काढत बाहेर यायला लागतं. इथून वेग एकदम मंदावतो. हात लावून "वाळली की!" असं वाटतं ते या दुसऱ्या टप्प्याच्या सुरुवातीला. खरं तर तेव्हा निम्मं पाणी आतच असू शकतं. जाड बांधकाम वाळायला इंचाला एक महिना, असा जुना ढोबळ अंदाज आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो बराच लवकर पुरा होतो, पावसाळ्यात पुरा होतच नाही.

एकाच सातारा जिल्ह्यात बघा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मि.मी.च्या वर पाऊस पडतो आणि माण-खटावला पाचशेच्या आसपास. जुलैत पाटण-जावळीकडे उघडलेली भिंत महिनाभर ठेवली तरी ओलीच राहील. तीच भिंत एप्रिलमध्ये दहिवडीला किंवा सांगली जिल्ह्यात जतला पंधरा दिवसांत बरीच कोरडी होईल. म्हणून पावसाळ्यात गळती सापडली तर पाइप लगेच दुरुस्त करा, पण टाइल्सचं काम जमलं तर दिवाळीनंतर ठेवा. तोवर उघड्या भागावर आंघोळीपुरता प्लॅस्टिकचा पडदा लावा आणि आंघोळ झाली की तो बाजूला सारा.

वाळवायला पंखा लावा, खिडकी उघडी ठेवा. हॅलोजन किंवा हीटर लावून भिंत भाजू नका. वरचा थर घाईनं वाळून तडकतो आणि क्षार एकदम बाहेर खेचले जातात.

वाळली का ते कसं कळणार? दीड-दोन फूट चौकोनी जाड पारदर्शक प्लॅस्टिक भिंतीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीनं बंद करा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा भिंत काळपट झाली, तर अजून थांबा. प्लॅस्टिक कोरडं असेल तर पुढचं काम सुरू करायला हरकत नाही.

सांगलीकरांना हे सगळं वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. गावभागात, सांगलीवाडीत कितीतरी घरांच्या भिंती दिवसचे दिवस पाण्यात होत्या. २००५ ला तेच झालं होतं आणि जुलै २०२१ ला पुन्हा तेच झालं. पूर ओसरल्यावर गणपती-दिवाळीच्या आत घर नीट दिसावं असं कुणालाही वाटणारच. पण ओल्या भिंतीवर घाईनं मारलेला रंग टिकत नाही. गळक्या न्हाणीघराची भिंत म्हणजे छोटा, आतून आलेला पूरच.

पण घरात एकच न्हाणीघर असेल तर दोन महिने कोण थांबणार? म्हातारी माणसं किती दिवस शेजाऱ्यांकडे आंघोळीला जाणार? त्यासाठी मधला मार्ग आहे : एक बाजू बंद करताना दुसरी बाजू उघडी ठेवा. न्हाणीघराकडची बाजू प्लॅस्टिकच्या परीक्षेत पास झाली की बंद करा. पण मागच्या खोलीतला सुटलेला गिलावा आणि रंग खरवडून ती बाजू तीन-चार महिने तशीच राहू द्या. आत उरलेलं पाणी तिकडून निघून जाईल. लोक नेमकं उलट करतात. इकडं टाइल्स आणि तिकडं लगेच वॉटरप्रूफ रंग! मग पाणी दोन्हीकडून कोंडलं जातं आणि विटांतून वर चढत जातं. कपाट लावून डाग झाकणं हाही त्यातलाच प्रकार. भिंतीला हवा लागली पाहिजे.

बंद करताना : थरांचा क्रम

१. खाच भरणे. पाइपाच्या खाचेत १:४ चा माल दाबून भरा. खाचेवर दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच जाईल अशी कोंबडीजाळी खिळ्यांनी बसवा, नाहीतर जुन्या-नव्याच्या सांध्यावर हमखास चीर पडते.

२. गिलावा. विटांचे सांधे अर्धा इंच खरवडा, पृष्ठभाग नुसता दमट करा (पुन्हा भिजवू नका!) आणि सिमेंटचा पातळ घोळ मारून लगेच गिलावा करा. मालात आयएस २६४५ ची खूण असलेलं वॉटरप्रूफिंग मिसळा, पण डब्यावर लिहिलेल्या मापानंच. "थोडं जास्त घाला, चांगलं बसंल" हे भाजीतल्या मिठाइतकंच खोटं आहे. आठवडाभर पाणी मारा. होय, वाळवलेल्या भिंतीला परत पाणी! हे पाणी सिमेंट घट्ट व्हायला लागतं. सकाळ-संध्याकाळ फवारा पुरे, पाइप सोडून ठेवायचा नाही.

इथं जाडीचा हिशेब आधी करा. जुनी टाइल सात मि.मी. आणि तिच्यामागचा माल १८ मि.मी., म्हणजे एकूण २५. नवी टाइल नऊ मि.मी. आणि चिकटवायचा थर चार, म्हणजे १३. तर नवा गिलावा जुन्या गिलाव्यापेक्षा १२ मि.मी. पुढं यायला हवा. हा हिशेब चुकला की नव्या टाइल्स आत बसतात किंवा बाहेर डोकावतात आणि त्या कडेवर पाणी थांबतं.

३. पाणी अडवणारा थर. हाच या सगळ्या कामाचा आत्मा. सिमेंट आणि पॉलिमरचं दोन भागांचं मिश्रण मिळतं. ते ब्रशनं दोन हात मारायचं, दुसरा हात पहिल्याच्या आडव्या दिशेनं. शॉवरच्या भिंतीवर सहा फुटांपर्यंत, बाकीच्या भिंतींवर फूटभर आणि फरशीही फोडली असेल तर तिच्यावरही. भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात आधी मालाची गोलाई करून घ्या, कारण काटकोनात हा थर पातळ होतो आणि तिथंच फाटतो. पाइप जिथं भिंतीतून बाहेर येतो त्या कडेला एक हात जास्त.

४. पाण्याची परीक्षा. फरशीवरही थर दिला असेल तर तो वाळल्यावर ट्रॅप बंद करून दोन दिवस पाणी साठवा. टाइल्स लावण्याआधी. नंतर परीक्षा घेऊन नापास झाली तर उपयोग काय?

५. टाइल्स. जुन्या पद्धतीत टाइलच्या पाठीवर मालाचे पाच गोळे ठेवून ती भिंतीवर थापतात. गोळ्यांच्या मधे पोकळी राहते आणि तिच्यात पाणी साचतं. त्यापेक्षा आयएस १५४७७ चं टाइल ॲडहेसिव्ह दातेरी थापीनं भिंतीवर सारखं पसरा आणि टाइल दाबून बसवा. अधूनमधून एखादी टाइल काढून पाठ बघा. सगळीकडे ॲडहेसिव्ह लागलेलं दिसलं पाहिजे. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइल्सची पाठ स्वतःच दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिते. चमक फक्त पुढच्या बाजूला असते. "टाइल्स आहेत, मग पाणी जाईल कसं" या प्रश्नाचं उत्तर टाइलच्या पाठीवर आहे!

६. सांधे. टाइला टाइलला भिडवून लावू नका, दोन-तीन मि.मी. सांधा सोडा. व्हाइट सिमेंटनं भरलेला सांधा पाणी पितो आणि वर्ष-दीड वर्षात चिरतो. शॉवरपुरतं तरी इपॉक्सी ग्राउट वापरा. भिंत-फरशीचा कोपरा मात्र कडक मालानं भरायचा नाही. तिथं सिलिकॉन सीलंट, कारण दोन पृष्ठभाग थोडे का होईना वेगवेगळे हलतात.

जुन्या डिझाइनची टाइल मिळत नाही ही नेहमीची अडचण. ओढूनताणून जवळचा रंग शोधण्यापेक्षा तेवढ्या भागात सरळ वेगळ्या रंगाचा उभा पट्टा करा. ठिगळ वाटण्याऐवजी डिझाइन वाटतं.

एवढे थर देऊनही थोडं पाणी आत जाणारच असं धरून चाला. धरणांचे इंजिनिअरसुद्धा तसंच धरतात. आपल्या सातारा जिल्ह्यातलं कोयना धरण घ्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात धरणाला आडव्या भेगा पडल्या. त्या इपॉक्सीनं भरल्या आणि नंतर धरणाला मागून काँक्रीटचा आधारही दिला. म्हणजे नुसती भेग भरून काम संपवलं नाही. शिवाय अशा धरणांच्या पोटात गॅलरी ठेवलेली असते. झिरपलेलं पाणी तिथं गोळा होतं, मोजलं जातं आणि बाहेर सोडलं जातं. पाणी अडवायचं आणि शिवाय त्याला वाटही द्यायची. न्हाणीघरात ही वाट म्हणजे फरशीचा ट्रॅपकडे नीट उतार. कोपऱ्यात पाणी साचत असेल तर वरचे सगळे थर त्याला रोज तोंड देत बसतात.

वाड्यातली न्हाणी

वाई, सातारा, मिरज इथल्या जुन्या वाड्यांत एक वेगळीच गंमत असते. भिंत दोन फुटी, दगड-मातीची नाहीतर कच्च्या विटांची. कधीतरी तिथल्या मोरीला सिमेंटचा गिलावा आणि टाइल्स लावून बाथरूम केलेलं असतं. टाइल काढली की मागं नुसता चिखल! मातीची भिंत आधी चुन्याच्या गिलाव्यातून श्वास घेत होती, म्हणजे ओल येत होती तशी जातही होती. सिमेंटनं तिचा रस्ता बंद केला. अशा भिंतीवर पुन्हा १:४ चा गिलावा मारण्यात अर्थ नाही, तो मातीला धरतच नाही. तिथं भिंत पूर्ण वाळवून चुन्याचाच गिलावा करावा, आणि शॉवर हवाच असेल तर तीन-चार इंच अंतर सोडून आत वेगळी पातळ भिंत उभी करून तिच्यावर पाइप आणि टाइल्स घ्याव्यात. जागा थोडी जाते, पण वाडा राहतो.

दिवसांचा हिशेब

उन्हाळ्यातलं काम धरलं तर शोध आणि फोडणं तीन दिवस, पाइप आणि चाचणी दोन दिवस, वाळवण किमान दोन आठवडे, गिलावा आणि पाणी मारणं आठ दिवस, मग गिलावा वाळायला आठवडाभर, थर आणि पाण्याची परीक्षा चार-पाच दिवस, टाइल्स आणि सांधे तीन दिवस. म्हणजे जवळजवळ दीड महिना. ज्याला तीन दिवसांची सवय आहे त्याला हे ऐकून घाम फुटेल. पण या दीड महिन्यात गवंड्याच्या मजुरीचे दिवस आहेत आठ-दहाच. बाकी सगळं थांबणं आहे, आणि थांबायला पैसे पडत नाहीत. तीन दिवसांचं काम दर दोन वर्षांनी करायचं, की दीड महिन्याचं एकदाच, हे घरच्यांनी ठरवावं. मधल्या काळात खालच्या स्लॅबची सळई गंजायला लागली तर मात्र प्रश्न न्हाणीघराचा राहत नाही, घराचा होतो.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी काकांनी विचारलं, "ओल येतीय, काय करायचं?" तर लगेच वॉटरप्रूफिंगच्या डब्याचं नाव सांगू नका. आधी विचारा, "रात्री टाकीची पातळी उतरते का?" आणि टाइल्स फोडून झाल्या असतील तर विचारा, "भिंतीवर प्लॅस्टिक लावून बघितलं का?" हे दोन प्रश्न विचारणारा पोरगा किंवा पोरगी खरंच इंजिनिअरिंगला आहे, एवढं तरी काकांना पटेल.

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी